सेगावचा लेख, लंडनचे पत्र

खापरखेड्यात 'जमीन गेली' म्हटले की कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. वीज केंद्राच्या चिमण्या समोरच उभ्या आहेत. अशा गावात राहून पॅलेस्टाईनचा इतिहास वाचायला घेतला, की माझे लक्ष लढायांपेक्षा कागदांकडे जास्त जाते.

त्यातला मोठा कागद 2 नोव्हेंबर 1917 चा. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्डना लिहून कळवले, की पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर व्हावे याला सरकारची अनुकूलता आहे. जेरुसलेम तेव्हा तुर्कांच्याच ताब्यात होते. त्याआधी इजिप्तमधला ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहोन याने मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याचा शब्द दिला होता (त्यात पॅलेस्टाईन येते की नाही, यावर पुढे रणे माजली), आणि 1916 मध्ये फ्रान्सशी वाटणीचा गुप्त करारही झाला होता. एकाच शेताची तिघांना इसारपावती, आणि सातबारा चौथ्याच्याच नावावर!

भारतमंत्री एडविन माँटेग्यू स्वतः ज्यू. त्याचा बाल्फोरच्या पत्राला कडवा विरोध होता. ज्यूंचे घर दुसरीकडे ठरले की लंडनचा ज्यूही परका ठरेल, ही त्याची भीती. अंतिम निर्णय झाला तेव्हा तो हिंदुस्थानच्या वाटेवर होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आम्ही शाळेत घोकल्या. त्याची ही बाजू कुणी सांगितली नाही.

या प्रश्नावरचा एक गाजलेला लेख मात्र आमच्या शेजारच्या जिल्ह्यात लिहिला गेला. सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, गांधीजींनी लिहिलेला 'द ज्यूज' 26 नोव्हेंबर 1938 च्या 'हरिजन'मध्ये आला. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठवलेला चरखा आणि ताडाची झाडे बघताना मला नेहमी तो लेख आठवतो. इंग्लंड जसे इंग्रजांचे, तसे पॅलेस्टाईन अरबांचे, हे त्यातले म्हणणे आमच्याकडच्या माणसाला चटकन पटते. मला आजही पटते. पण जर्मनीतल्या ज्यूंनी तिथेच राहून सत्याग्रह करावा, असेही त्यात आहे, आणि तिथे मी अडतो. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी जर्मनीत सिनेगॉग जळाले होते, हजारो ज्यू छळछावण्यांत कोंबले गेले होते. त्याआधी जुलैत ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश जमले, सहानुभूती दाखवली आणि बहुतेकांनी दारे लावून घेतली. त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला गेलेले ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी गांधीजींना पत्र लिहिले: दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी माणसाच्या पाठीशी हिंदुस्थान तरी होता, आमच्या पाठीशी काय? गांधीजींच्या लेखात याला उत्तर सापडत नाही.

बाल्फोरच्या वारसांना तरी ज्यूंची कणव होती म्हणावे, तर अरबांचा उठाव झाल्यावर 1939 मध्ये त्यांनीच फर्मान काढले: पॅलेस्टाईनमध्ये पाच वर्षांत फक्त 75,000 ज्यूंना प्रवेश, त्यापुढे अरबांच्या संमतीशिवाय नाही. नेमके जीव वाचवायच्या वेळी!

29 नोव्हेंबर 1947 ला संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव 33 विरुद्ध 13 मतांनी झाला. नुकत्याच फाळणीतून गेलेल्या भारताने विरोधात मत दिले. युद्ध पेटले आणि सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. पुढच्या काही वर्षांत बगदाद, कैरो, सना इथल्या ज्यूंनीही पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. दोन्हीकडच्या मोबदल्याची बोलणी अजून अडलेलीच आहेत.