आजारी कोण, गुन्हेगार कोण

आपल्या बैठकांतून दोन वाक्यं वारंवार ऐकू येतात. पहिलं भाषणात येतं : "जातीयवादी माणूस हा मनोरुग्ण असतो." टाळ्या पडतात. दुसरं भाषणात येत नाही, बाहेर चहाच्या टपरीवर येतं. एखादा पोरगा दोन महिने दिसेनासा झाला, खोलीबाहेर पडेना, की कुणीतरी कटिंग फुंकत म्हणतं, "ढिला पडला तो. आपल्या पोरांना हे डिप्रेशनबिप्रेशन परवडतं का? बापजाद्यांनी काय काय सोसलं, आणि हा बघा."

म्हणजे हिशेब असा झाला : ज्याची झोप शाबूत, भूक शाबूत, नोकरी शाबूत, तो आजारी. आणि ज्याच्या घशाखाली महिनाभर घास उतरत नाही, तो नाटकी. हा हिशेब मला उलटा वाटतो. दिसायला हा डॉक्टरांचा प्रश्न आहे. पण एखाद्याला आजारी म्हटलं की आपण त्याला काहीतरी देतो आणि त्याच्याकडून काहीतरी काढून घेतो. दवा देतो, सवलत देतो, काम माफ करतो. काढून घेतो ती जबाबदारी, आणि बऱ्याचदा त्याच्या शब्दाची किंमत. 'येड्याचं काय ऐकता' म्हणायला आपण मोकळे होतो. म्हणून हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो आपलाही आहे.

पहिलं वाक्य बोलणारे बाबासाहेबांचा आधार देतात. आधार खोटा नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने होऊ न दिलेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जात ही एक मनोवस्था असल्याचं मांडलं. १९३७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर हिंदूंना हिंदुस्थानातले आजारी लोक म्हटलं, त्यांच्या आजाराचा इतरांना धोका आहे असंही बजावलं. पण त्यांनी त्यावर सांगितलेला उपाय बघा. गोळी सांगितली नाही, इंजेक्शन सांगितलं नाही. शास्त्रांचं प्रामाण्य मोडा म्हणाले. म्हणजे तो आजार एका समाजाच्या धर्माचा होता. एकेका सवर्णाच्या मेंदूत बिघाड झालाय, असं त्यांचं निदान नव्हतं.

अमेरिकेत यावर खरोखरीचा वाद झाला. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीतली माणसं मारली गेली, तेव्हा काही काळ्या मानसोपचार डॉक्टरांनी मागणी केली की पराकोटीचा वंशद्वेष मनोविकारांच्या अधिकृत यादीत घाला. हार्वर्डचे डॉ. अल्विन पूसां पुढेही कित्येक वर्षं हे मांडत राहिले. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नकार दिला. कारण काय, तर वंशद्वेष इतक्या अमेरिकनांत आहे की तो विकार ठरत नाही, तो तिथल्या संस्कृतीचाच भाग आहे!

हसू नका. भ्रम कशाला म्हणायचं याची डॉक्टरी व्याख्याच तशी आहे. पुराव्याने न हलणारी आणि त्या माणसाच्या समाजात इतर कुणी न मानणारी समजूत म्हणजे भ्रम. आता 'सावली पडली की माणूस बाटतो' ही समजूत घ्या. धडधडीत खोटी. पुराव्याने हलत नव्हती. पण गावच्या गाव ती मानत होतं, म्हणून पुस्तकाच्या हिशेबाने तो भ्रम नव्हे. गावात तसं मानणारा एकटाच असता तर त्याला ठाण्याला नेऊन घातला असता.

व्याख्येतली ही फट मला दिसते. तरीही पूसांच्या बाजूने मी हात वर करणार नाही. जातीयवाद्याला मनोरुग्ण म्हणून त्याचं आपण काय नुकसान करतो? काहीच नाही. उलट त्याच्या वकिलाचं काम करतो. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे. मनाच्या विकलतेमुळे आपण काय करतोय हे ज्याला कळतच नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. ते योग्यच आहे. पण विहिरीवरून हाकलणाऱ्याला, वस्ती पेटवणाऱ्याला सगळं कळत असतं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपण भांडून का मिळवला? तो गुन्हेगारासाठी आहे. आणि या शिवीचा दगड लागतो कुणाला? ज्याच्या घरात खरोखर स्किझोफ्रेनियाचं माणूस आहे त्या आपल्याच बाईला. त्या आजाराची बहुतेक माणसं कुणाला हात लावत नाहीत, बहुधा मार खाणारी तीच असतात.

आता दुसरं वाक्य. ते बोलणाऱ्यांना एकदम मूर्खात काढता येत नाही, कारण मनाच्या डॉक्टरकीवर अविश्वास ठेवायला आपल्यासारख्यांना इतिहासाने भरपूर कारणं दिली आहेत. १८५१ साली लुईझियानात सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक रोग शोधला : ड्रेपटोमेनिया. लक्षण एकच, गुलाम पळून जातो. आळस करणाऱ्या, अवजारं मोडणाऱ्या गुलामासाठी त्याने वेगळा रोग ठेवला होता. औषधांत चाबूक होता. मालकाच्या लोभाला मात्र नाव नव्हतं.

फार जुनं झालं म्हणाल, तर १९६८ घ्या. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरने नाव घेतलं, त्यांचा तो ऐन काळ. त्या वर्षी ब्रॉमबर्ग आणि सायमन या दोन डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात काळ्या तरुणांच्या आजाराला नाव दिलं : 'निषेधाचं वेड'. त्याच वर्षीच्या अमेरिकन रोगसूचीत स्किझोफ्रेनियाच्या संशयी प्रकाराच्या वर्णनात वैरभाव आणि आक्रमकता होती. जोनाथन मेट्झल या डॉक्टरने पुढे मिशिगनमधल्या आयोनिया इस्पितळाचे जुने केसपेपर चाळले. पूर्वी ज्या आजाराचं नाव शांत गोऱ्या गृहिणींना लागायचं, ते या काळात रागावलेल्या काळ्या पुरुषांना लागायला लागलं होतं. लेबल तेच, बाटलीतलं माणूस बदललं.

आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम या दृष्टीने प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. कुणाला मनोरुग्ण ठरवताना त्याची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती धरायची नाही. समाजात चालत आलेली नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यं किंवा धर्मश्रद्धा तो मानत नाही, हेही कारण चालणार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आज तो आजारी आहे असंही ठरत नाही. देव मानत नाही म्हणून पोराला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणणाऱ्या सोयऱ्यांना हे कलम वाचून दाखवा.

एवढं सगळं खरं असूनही आजार असतो. इथे मला फ्रांत्स फॅनन आठवतो. आपली पोरं त्याचं नाव क्रांतीसाठी घेतात, पण तो १९५३ ते १९५६ अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात नोकरीला होता हे विसरतात. अल्जीरियन माणूस जन्मतःच गुन्हेगार मेंदूचा, असं तिथले फ्रेंच प्रोफेसर शिकवत होते. फॅननने त्यांना उघडं पाडलं. पण म्हणून वॉर्डातल्या अल्जीरियन रुग्णाला 'तुला काही झालेलं नाही, हा सगळा साम्राज्यवाद आहे, ऊठ' असं म्हणाला नाही. त्याने दवा दिली. १९६१ च्या शेवटच्या पुस्तकात त्याने केसेस लिहिल्या आहेत. त्यात एक गोरा पोलीस अधिकारी आहे. दिवसभर कैद्यांचा छळ करायचा आणि घरी येऊन बायकापोरांना मारायचा. तो माणूस आजारी होता. आणि गुन्हेगारही होता. त्याला छळाचं काम चालू ठेवायचं होतं, फक्त मनाला त्रास नको होता. फॅननने त्याचा आजार पाहिला आणि गुन्हा पुसला नाही.

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. आजाराचं नाव एकाच प्रश्नाचं उत्तर देतं : या माणसाला आत्ता काय हवंय? दोष कुणाचा, हा दुसरा प्रश्न. आपण एकाच्या उत्तराने दुसरा मिटवायला जातो.

टीबी घ्या. गिरणीच्या चाळीत दहा-दहा माणसं एका खोलीत खोकत होती. फुप्फुसात जंतू होता आणि खोलीला खिडकी नव्हती. 'हा टीबी नाहीच, गरिबी आहे' म्हणून कुणी गोळ्या फेकून दिल्या नाहीत. गोळ्या मिळाल्या म्हणून खिडकीची मागणीही सोडली नाही. मनाच्या बाबतीतच आपल्याला काय होतं?

आमच्या शाखेत एक जण होता, आहे. एका एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी तो सहा-सात रात्री झोपलाच नाही. भिंती रंगवल्या, कलेक्टरला चाळीस पानी पत्रं लिहिली, उधारीवर हजारोंनी पत्रकं छापली. बोलणं थांबेना, एका विषयावर टिकेना. शाखेतले म्हातारे म्हणाले, असा कार्यकर्ता पाहिजे. त्याची आई तेवढी म्हणत होती, "ह्यो माझा पोरगा न्हाय. जेवत न्हाय, झोपत न्हाय, डोळं बघा त्याचं." पावसाळ्यात तोच पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला. आंघोळ नाही. 'मी सगळ्यांचा नास केला' एवढंच म्हणायचा. चुलता देवऋष्याकडे न्यायला निघाला होता. मी आणि आई त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो.

मनाच्या आजारात रक्ताचा रिपोर्ट बघून निदान होत नाही. थायरॉईडसारखं काही नाही ना, हे तपासतात. बाकी निदान म्हणजे विचारणं, ऐकणं, बघणं. किती दिवस? नैराश्याला निदान दोन आठवडे धरतात, उन्मादाला आठवडा. झोप, भूक, कामातली गोडी, जिवाचा कंटाळा. बाईंनी त्याच्यापेक्षा आईला जास्त विचारलं, आणि एप्रिलचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. नुसतं नैराश्य नव्हतं, बायपोलर होता. अशा माणसाला एकटी नैराश्याची गोळी दिली तर तो पुन्हा उन्मादात जाऊ शकतो. एप्रिल कुणी सांगितला नसता तर?

मग त्यांनी केसपेपरवर लिहिलं : संशय, पोलीस पाळत ठेवतात म्हणतो. मी म्हणालो, "मॅडम, पोलीस खरंच आलेत. मोर्चानंतर दोनदा घरी येऊन गेले." त्या थांबल्या, तेवढं वाक्य खोडलं. मग विचारलं, "आणि पंख्यातून त्याच्याशी बोलतात, ते?"

मी गप्प बसलो. पोलीस खरे होते. पंखा आजार होता. आजाराला धागा आपल्याच जगण्यातून मिळतो, म्हणून त्याच्यात जात येते, पोलीस येतात, बाबासाहेबसुद्धा येतात. पंख्याच्या भीतीने पोलीस नाकारायचे नाहीत, आणि पोलिसांच्या रागापोटी पंखा खरा मानायचा नाही.

आज तो लिथियमवर आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासतो, कारण ती गोळी प्रमाणाबाहेर गेली तर विषारी ठरते. मध्ये एकदा बरं वाटलं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा पडला. हा आजार असाच जातो येतो, वर्षानुवर्षं. पण त्याचा रस्ता नुसत्या नावाने ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेर नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा सुरू केला. त्यात आपलं आग्रा होतं. आग्र्यातल्या रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्या कित्येकांपेक्षा बरी निघाली. का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण आजूबाजूची माणसं धरून ठेवतात की टाकून देतात, याने फरक पडतो हे मी आमच्या शाखेत पाहिलंय. आता रात्री नऊच्या पुढे बैठक गेली की तो उठून जातो. झोप मोडली की त्याचा आजार उठतो. कुणी काही म्हणत नाही.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्यानंतर देशभर विचारलं गेलं : नैराश्य की जात? केंद्राने नेमलेल्या एकसदस्यीय आयोगाने कारण त्याच्या वैयक्तिक वैफल्यात शोधलं. आपल्यातले काही उत्तर म्हणून ओरडले की मनाबिनाचं काही नाही, फक्त जात. दोघांनी एकच चूक केली. विद्यापीठाने हॉस्टेलबाहेर काढलेल्या पोराचं मन खचत नाही असं आपल्याला सिद्ध करायचंय का? मन खचलं असेल तर ते कशाने खचलं, याचा जाब तिथेच सुरू होतो. आणि त्या जाबाची तयारी चालू असताना, हॉस्टेलच्या दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोराला आज रात्री कुणीतरी सोबत लागते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. यातली आपली किती हे कुणी वेगळं मोजत बसलेलं नाही, पण वस्तीत फिरणाऱ्याला अंदाज येतो. तालुक्याला मानसोपचाराचा डॉक्टर नाही, हा मोर्चाचा विषय आहे. तोवर, कुणी 'जगण्यात अर्थ नाही' असं बोलला तर त्याला एकटा सोडू नका, सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नवं काही भरत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात घरातलं एक माणूस आणि चळवळीतला एक जण, दोघं जा. आईला झोपेचं आणि जेवणाचं माहीत असतं, तुम्हाला पोलिसांचं आणि हॉस्टेलचं. दोन्ही डॉक्टरला सांगा, आणि केसपेपरवर काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा.