मंडळी सोडून गेलेले

'ते हल्ली दुसऱ्या मंडळीत जातात,' एवढे एक वाक्य उच्चारले की ख्रिस्ती घरातली बैठक क्षणभर गप्प होते. मृताचे नाव निघाल्यावर पसरते तशी ही शांतता नव्हे. मरणात निदान कोणाचा दोष नसतो. बदली होऊन परगावी गेलेल्याची आठवण निघावी, तशीही नव्हे. गेलेला मनुष्य गावातच असतो. ख्रिस्त तोच, शास्त्र तेच, पुष्कळदा गीतेही तीच. फक्त रविवारी सकाळी तो दुसऱ्या रस्त्याला वळतो. म्हणूनच ते अधिक लागते. त्याने धर्म सोडला असता तर आपण त्याच्यासाठी प्रार्थना केली असती. त्याने मंडळी सोडली म्हणजे आपल्याला सोडले, असा हिशेब मनाने केव्हाच मांडलेला असतो.

पुढे केव्हातरी लग्नात किंवा नाताळच्या सुमारास गाठ पडते. ज्याच्याबरोबर शब्बाथ शाळा चालवली, पंचांच्या बैठकीत रात्री जागवल्या, त्याच्याशी आता काय बोलावे? हा प्रश्न शिष्टाचाराचा दिसतो, पण आहे नीतीचा. ज्या कारणासाठी तो गेला ते कारण टाळून हसतखेळत बोलणे, हा स्नेह म्हणावा की भित्रेपणा?

इंग्लंडच्या धर्मेतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे सोबती. उघड्या मैदानात उपदेश करण्याची वाट वेस्लीला दाखवली ती व्हाइटफील्डनेच, १७३९ साली ब्रिस्टल येथे. आणि त्याच वर्षी वादाला तोंड फुटले. तारण कोणाचे व्हावयाचे हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, असे व्हाइटफील्ड मानी. वेस्लीला हे मत देवाच्या दयेला काळिमा लावणारे वाटे. वेस्लीने आपला उपदेश छापला, व्हाइटफील्डने जाहीर पत्राने उत्तर दिले. १७४१ मध्ये फूट पुरी झाली आणि लंडनमध्ये वेस्लीच्या 'फाउंड्री'पासून हाकेच्या अंतरावर व्हाइटफील्डचे 'टॅबरनॅकल' उभे राहिले. (फुटून निघालेल्यांना दूरची जागा का मिळत नाही, कोण जाणे!)

मत दोघांपैकी कोणीही बदलले नाही. तरी काही वर्षांतच ते पुन्हा भेटू लागले, एकमेकांच्या व्यासपीठांवर उभे राहू लागले. व्हाइटफील्ड १७७० च्या सप्टेंबरात अमेरिकेत वारला. आपल्यामागे स्मरणोपदेश वेस्लीने करावा ही त्याची इच्छा होती, आणि नोव्हेंबरात लंडनमध्ये वेस्लीने ती पुरी केली. दोघांना मान्य असलेल्या तत्त्वांवरच तो बोलला. वादाच्या मुद्द्यात शिरला नाही. व्हाइटफील्डच्या मताच्या काही अभिमान्यांना हे खटकले. आमच्या माणसाच्या शिकवणुकीचा गाभाच यांनी वगळला, अशी त्यांची तक्रार होती.

ही तक्रार मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. एखाद्याने एका मतासाठी घरासारखी मंडळी सोडावी आणि आपण 'त्यात काय एवढे!' म्हणून ते मत बाजूला सारावे, हा त्याचा अपमानच आहे. परंतु वेस्लीला जे बोलावयाचे होते ते तो तीस वर्षांपूर्वी, व्हाइटफील्ड हयात असताना, छापून बोलून चुकला होता. भांडून झाल्यावरचे त्याचे मौन होते, म्हणून ते शोभले. आपल्याकडे बहुधा उलट होते. जाणारा एक चिठ्ठी पाठवतो, राहिलेले ठराव करून ती दप्तरी लावतात, आणि 'का गेलास?' असे तोंडावर कोणीच विचारीत नाही. अशा मौनावर नंतर कितीही गोड बोलणे रचले तरी ते डळमळतच राहते.

न विचारण्याचे खरे कारण मात्र सभ्यता नव्हे. १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची वीसहून अधिक वर्षांची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी 'देवाचा दरबार' काढला. अशा जाण्यात मागे राहिलेल्यांना एक प्रश्न असतोच: मी निघालो, तुम्ही का बसून आहात? जाणाऱ्याने तो उच्चारण्याची गरज नसते. भेटीची भीती वाटते ती या प्रश्नाची. मग राहिलेल्याला वाटते, याने 'चुकलो' म्हणावे. गेलेल्याला वाटते, यांनी 'तुझेच बरोबर होते' म्हणावे. आणि दोघेही हवापाण्याबद्दल बोलतात.

संस्थांना यातून मार्ग काढता येतो. लखनौला १९२९ साली सुरू झालेली बोलणी चालत चालत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारतातील सहा ख्रिस्ती संघ एक झाले. मेथडिस्टांचा एक मोठा संघ मात्र ऐन वेळी बाहेर राहिला. तेथे मसुदे होते, समित्या होत्या, हाताशी चाळीस वर्षे होती. लग्नाच्या मांडवात भेटलेल्या दोन माणसांच्या हाताशी अर्धा तास असतो.

त्या अर्ध्या तासात पहिला प्रश्न राहिलेल्याने विचारावा, असे मला वाटते. घर त्याच्याकडे राहिले आहे. 'तिकडे बरे वाटते का?' एवढेच. 'नाही' हे उत्तर ऐकणे सोपे असते, त्यात चोरटे समाधानही असते. अवघड आहे ते 'हो' ऐकणे. आणि ते ऐकल्यावर चहा गार होण्याच्या आत पुढचे विचारणे, की पाळक कोण आहेत, शब्बाथ शाळेत मुले किती येतात, आणि पेटी कोण वाजवतो.