तिसावं मिनिट (गीता 2.38)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला 38वा. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय सारखे मान, असं भगवंत अर्जुनाला सांगतात आणि त्याच दमात लढायला तयार हो म्हणतात. इथे बरेच जण अडतात. जिंकणं-हरणं सारखंच, तर लढायचं कशाला? अप्रेझलच्या दिवसांत हाच श्लोक ऑफिसच्या ग्रुपवर फिरतो, तेव्हा त्याचा अर्थ "जाऊ दे, सोड ना" एवढाच उरतो.

मला हा श्लोक फुटबॉलमध्ये जास्त नीट दिसतो. 13 मार्च 2021. गोव्यात फातोर्डाला आयएसएलची फायनल, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. (एरवीही आपण डोंबिवली-कल्याणवाले टीव्हीवरच. अंधेरीला मॅच बघायची म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि परतताना शेवटच्या लोकलचं टेन्शन!)

18व्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेलं. 29व्या मिनिटाला त्यांचा स्पॅनिश डिफेंडर तिरी लांबून आलेला बॉल डोक्याने अडवायला गेला, आणि बॉल स्वतःच्याच गोलमध्ये. 1-1.

आता तिसाव्या मिनिटाचा विचार करा. पुढचा बॉल कुठल्याही क्षणी त्याच्याकडेच येणार आहे. मागचा गोल डोक्यात घेऊन उभा राहिला तर हाही सुटणार. समत्व ही मॅच संपल्यावर, चहा पिता पिता आणायची गोष्ट नाहीच. ती तिसाव्या मिनिटाला लागते, पाय चालू असताना. 'सम राहा' आणि 'लढ' हे एकाच श्लोकात का, ते मला इथे कळतं. बेफिकीर माणसाला समत्वाची गरजच काय? ज्याला जिंकायचंय त्यालाच ती.

आणि आपण, बघणारे? सेल्फ गोलवर नाचावं का? आपल्या टीमची बरोबरी झाली याचा आनंद असू दे की. पण त्या माणसाच्या पडलेल्या चेहऱ्याची मजा वाटायला लागली, तर तो आनंद वेगळा, आणि मला तो बरा वाटत नाही. त्याच मॅचमध्ये पहिल्या हाफच्या शेवटी मुंबईचा अमेय रानवडे टक्कर होऊन बेशुद्ध पडला, अ‍ॅम्ब्युलन्स मैदानात आली. तेवढा वेळ स्कोअरला काय किंमत होती?

90व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबई 2-1 जिंकली.

पुढची गोष्ट जास्त गमतीची. 2023 मध्ये तिरी मुंबई सिटीत आला. 15 एप्रिल 2024 ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानने मुंबईला 2-1 हरवून लीग शील्ड नेली. 19 दिवसांनी, 4 मे ला, त्याच मैदानावर फायनल. साठ हजारांवर प्रेक्षक, बहुतेक सगळे बागानचे. पुन्हा बागानचाच पहिला गोल. मग मुंबईचे तीन, त्यातला दुसरा परत बिपिनचाच. 3-1.

अर्जुनाला समोर आपलीच माणसं दिसली म्हणून त्याचे हात गळाले. आपलं उलटं होतं. समोर फक्त दुसऱ्या रंगाची जर्सी दिसते, आणि दोन वर्षांनी तोच माणूस आपल्या रंगात उभा असतो.

उद्या 39वा श्लोक. तिथून भगवंत सांख्याकडून योगाच्या बुद्धीकडे वळतात.

राम कृष्ण हरी.