शुक्रवारी चुलीवर, शनिवारी ताटात

लिथुआनियातल्या विल्ना शहरात, म्हणजे आजच्या व्हिल्नियसमध्ये, शुक्रवारी दुपारी ज्यू घरांतून झाकणबंद भांडी बेकरीकडे निघत. आत मांस, घेवड्याचे दाणे, सातू, कांदा, बटाटा आणि बेताचे पाणी. आठवड्याचा पाव भाजून झालेला असे, भट्टीत नवे सरपण पडणार नसे. मावळत्या सूर्याबरोबर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा सातवा दिवस, सुरू होई आणि सगळ्या आळीची भांडी त्या ओसरत्या उष्णतेत रात्रभर शिजत राहत. शनिवारी सकाळची प्रार्थना संपली की आपापले भांडे ओळखून घरी न्यायचे आणि गरम गरम वाढायचे. या पदार्थाचे नाव चोलंट.

ही हकीकत तमार नॅकमसन या बाईंनी अमेरिकेत आपल्या मुलाला सांगितली. मुलगा आयर्विंग विजेच्या उपकरणांचा संशोधक होता. त्याने भट्टीचे काम एका भांड्यात आणले: आत शिजवायचे पात्र, भोवतीच्या भिंतीत तापणारी तार, वर झाकण. पेटंटसाठी 1936 मध्ये अर्ज केला, ते 1940 मध्ये मिळाले. पुढे आडनाव बदलून तो नॅक्सन झाला आणि यंत्र ‘नॅक्सन बीनरी’ म्हणून विकले गेले. 1970 मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आणले. आज जगभर स्लो कुकर म्हणतात ते हेच यंत्र.

म्हणजे ज्या उपकरणाकडे आपण सोयीची वस्तू म्हणून पाहतो, त्याच्या मुळाशी दोन हजार वर्षे चाललेला एक धार्मिक वाद आहे. वादाचा प्रश्न साधा आहे. सातव्या दिवशी काम करायचे नाही, हे ठरले. पण मी काल सुरू करून दिलेले काम आज माझ्या हाताशिवाय चालू राहिले, तर ते काम कोणाचे? आणि कोणत्या दिवसाचे?

तोरामध्ये, म्हणजे मोझेसच्या पाच ग्रंथांत, याबाबतच्या आज्ञा थोड्या आणि त्रोटक आहेत. निर्गम या ग्रंथाच्या 35व्या अध्यायात शब्बाथच्या दिवशी घरात अग्नी पेटवू नका असे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या 16व्या अध्यायात, भाजायचे ते भाजा, उकडायचे ते उकडा, पण आदल्या दिवशी, असा निर्देश आहे. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाने, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) नियमसंग्रहाने, निषिद्ध कामांचे 39 प्रकार मोजले. पेरणी, नांगरणी, कापणीपासून सुरू होणाऱ्या त्या यादीत भाजणे-शिजवणे आहे, विस्तव पेटवणे आहे आणि विझवणेही आहे. रात्रभर शिजणाऱ्या भांड्याचे काय, हे मात्र यादीवरून ठरत नाही.

इथे शम्माय आणि हिल्लेल या जुन्या गुरूंच्या दोन संप्रदायांचे मार्ग वेगळे होतात. शम्मायच्या शिष्यांचे म्हणणे कडक होते. शुक्रवारी शाई किंवा रंगाचे द्रव्य भिजत घालायचे असेल, तर ते दिवस असतानाच पूर्ण भिजून व्हायला हवे. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, या भूमिकेमागचे तत्त्व असे उलगडले आहे की माणसाबरोबर त्याच्या अवजारांनीही विसावा घ्यायचा असतो. हिल्लेलच्या शिष्यांनी उलट सांगितले: दिवस मावळण्याआधी काम सुरू करून दिले की माणूस मोकळा, मग द्रव्य आपले आपण भिजत राहो. पुढे परंपरेने हिल्लेलचा मार्ग स्वीकारला. अवजाराला विसाव्याची सक्ती नाही. बैलाला मात्र आहे, कारण बैल आणि गाढव यांनाही विसावा मिळावा असे निर्गम ग्रंथातच स्पष्ट म्हटले आहे.

हा भेद कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज उतरले असे मानणारे बेने इस्राईल ज्यू कित्येक पिढ्या तेलाच्या घाण्यावर जगले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना, दूरच्या विद्वानांशी संबंध तुटलेला असताना या मराठी बोलणाऱ्या समाजाने ज्या मोजक्या गोष्टी धरून ठेवल्या, त्यांत शनिवारी हात थांबवणे ही एक होती. आणि बैलघाणा थांबला की माणसाबरोबर बैलही सुटतो. गावाने त्यांची ओळख देवाच्या नावावरून किंवा ग्रंथावरून ठरवली नाही, त्यांच्या न केलेल्या कामावरून ठरवली. शब्बाथबद्दल याहून अचूक साक्ष शोधूनही सापडणार नाही.

हिल्लेलच्या बाजूने निकाल लागला, तरी त्याचे तात्त्विक समर्थन करायला आणखी बरीच शतके लागली. तालमूदमध्ये नुकसानभरपाईच्या कायद्याची चर्चा चालू असताना रब्बी योहानान म्हणतात की माझ्या आगीने शेजाऱ्याचे शेत जळाले तर ती आग म्हणजे मी सोडलेला बाण आहे. जिथे लागेल तिथले नुकसान माझे. मध्ययुगीन स्पेनमधले भाष्यकार योसेफ हाविवा यांनी या वाक्यातली अडचण नेमकी पकडली. आग जर माझा बाण असेल, तर शुक्रवारी लावलेला दिवा शब्बाथच्या रात्री जळतो तेव्हा तो क्षणोक्षणी मीच पेटवत असतो, असे होईल. मग शुक्रवारी दिवा लावायची परवानगी कशी? त्यांनी उत्तर दिले ते त्याच उपमेतून. बाण हातातून सुटला त्या क्षणी कृती पूर्ण झाली. पुढचा सगळा प्रवास त्या एका क्षणाच्या खात्यावर जमा. म्हणून रात्रभर जळणारा दिवा आणि रात्रभर शिजणारे भांडे, दोन्ही शुक्रवारचीच कामे ठरतात.

मराठी वाचकाला सुटलेला बाण परका नाही. शंकराचार्यांच्या भाष्यांत प्रारब्ध कर्मासाठी हीच उपमा येते: ज्ञान झाले तरी सुटलेला बाण वेग संपेपर्यंत जाणारच, म्हणून ज्ञान्याचाही देह काही काळ टिकतो. बाण एकच, पण नजर दोन जागी. वेदान्ती बाणाच्या उरलेल्या वेगाकडे पाहतो, भोगून संपवायच्या शिलकीकडे. तालमूदचा भाष्यकार धनुष्य धरणाऱ्या हाताकडे पाहतो आणि हा हात आता रिकामा आहे, असे जाहीर करतो. पहिल्या विचारात धीर आहे. दुसऱ्यात सुट्टी आहे, खरीखुरी, शिल्लक न ठेवणारी.

सगळ्यांनाच हे पटले नाही. आठव्या शतकानंतर कराईट पंथाने रब्बींची तोंडी परंपरा नाकारली आणि अग्नीच्या आज्ञेचा अर्थ असा लावला की शब्बाथच्या दिवशी घरात विस्तव असताच कामा नये, मग तो केव्हाही पेटवलेला असो. त्यांची शुक्रवारची रात्र अंधारात जाई आणि जेवण थंड असे. शीतळा सातमीला चुलीची पूजा करून आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न खाणारी गुजराती शेजारीण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निष्ठेची कल्पना येईल. चूल शांत असणे हाच तिथे सण असतो.

रब्बींनी मात्र याला जिद्दीने उत्तर दिले, आणि तेही पानात. शब्बाथला गरम अन्न खाणे हे केवळ चालण्यासारखे उरले नाही, ते श्रद्धेचे लक्षण झाले. बाराव्या शतकातले प्रोव्हान्सचे विद्वान झेराहिया हालेवी यांनी तर असे लिहून ठेवले की जो शब्बाथला गरम खात नाही त्याच्याविषयी तो पाखंडी तर नाही ना, अशी शंका घ्यावी. एखाद्या धर्मात ऊन कालवण हे मतपरिवर्तन न झाल्याचा पुरावा ठरावे, हे इतिहासात फार थोड्या पदार्थांच्या वाट्याला आले असेल.

हाच पुरावा पुढे जिवावर उठला. स्पेनमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या घरावर इन्क्विझिशनचे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचे, लक्ष असे आणि शुक्रवारी शिजत ठेवून शनिवारी खाल्ले जाणारे अदाफिना हे ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याची खूण मानले जाई. शेजारी आणि मोलकरणी स्वयंपाकघराच्या साक्षी देत. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले. भारतीय औषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता याच नवख्रिस्ती समाजातले होते. त्यांची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 मध्ये जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये खुद्द ओर्तांची हाडे उकरून जाळली गेली.

पण परवानगी मिळाली म्हणजे सगळे सुटले असे नाही, आणि या वादाचा सर्वांत सूक्ष्म भाग इथून पुढे आहे. चुलीवर भांडे ठेवण्यात रब्बींना भीती होती ती अग्नीची नव्हती. भीती माणसाच्या अधीरतेची होती. भांडे अर्धवट शिजलेले असेल, पोटात भूक असेल, तर माणूस न कळत निखारे खालवर करील. म्हणून निखारे काढून टाका किंवा राखेने झाका, असा नियम झाला. आजच्या ज्यू घरांत शेगडीवर पत्रा टाकतात आणि तिच्या कळा झाकतात, ते याच राखेचे रूप. मग तालमूद एक अनपेक्षित सूट देतो. भांडे पूर्ण शिजलेले असेल तर भीती नाही, हे उघड आहे. पण शब्बाथ लागायच्या ऐन तोंडावर अगदी कच्चे मांस ठेवले, तरीही चालते. का? कारण ते रात्रीच्या जेवणाला तयार होणारच नाही, हे माणसाला माहीत असते. तो त्यातून मन काढून घेतो. शिजत आलेल्या भांड्यात एक कच्चे हाड टाकले तरी पुरते, इतक्यानेही मन उद्यावर जाते.

हे कच्चे हाड म्हणजे पळवाट आहे, असे कोणाला वाटेल. तसे ते नाही. हात थांबवणे सोपे असते आणि मन भांड्याभोवती घोटाळत राहते, हे ओळखून नियम रचलेला आहे. रब्बी विस्तवाला विसावा द्यायला निघाले नव्हते. त्यांना माणसाची लुडबुड थांबवायची होती, आणि लुडबुड मनात सुरू होते.

बगदादी ज्यूंचा तबीत याच शिस्तीतून आला. कोंबडीत भात भरायचा, भोवती भात घालायचा आणि झाकणावर अंडी ठेवून द्यायची. सकाळपर्यंत ती तपकिरी होतात. व्यापारी डेव्हिड ससूनच्या मागोमाग मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या बगदादी समाजाबरोबर हा पदार्थ भारतातही पोचला. पुण्याचे लाल देऊळ हे सिनेगॉग याच समाजाने 1867 मध्ये पूर्ण केले.

नॅक्सनचे यंत्र रब्बींपुढे आले तेव्हा जुनाच प्रश्न नव्या आकारात उभा राहिला. उष्णता वाढवणाऱ्या वस्तूत भांडे गुंडाळून ठेवायला मिश्नाची मनाई आहे, आणि स्लो कुकरचे पात्र चहूबाजूंनी तापत्या भिंतीत बसलेले असते. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आउअरबाख यांना हे खटकले, म्हणून अनेक घरांत तळाशी फॉइलचे गोळे ठेवून पात्र थोडे उचलतात. दुसरा पक्ष म्हणतो की वरची बाजू गुंडाळलेली नाही, तेव्हा हरकत नाही. शब्बाथ लागल्यावर उष्णतेची कळ फिरवायची नाही. आत डाव घालून ढवळायचे नाही, कारण ढवळण्यानेही शिजण्याला मदत होते. वाढताना काळजी घेणारे लोक पात्र बाहेर काढून मगच वाढतात.

शास्त्रही या संथपणाच्या बाजूने आहे, एका अटीवर. मांसाच्या चिवट भागातले कोलॅजन तासन् तास मंद आचेवर राहिले की त्याचे जिलेटिन होते, म्हणून गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस शनिवारी मऊसूत होते. पण राजम्यात एक विषारी द्रव्य असते आणि स्लो कुकरच्या कमी उष्णतेला ते नष्ट होईलच असे नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय कुकरमध्ये घालू नये.

1970च्या दशकात हे यंत्र अमेरिकेत खपले ते वेगळ्याच आश्वासनावर. गृहिणी दिवसभर नोकरीवर राहील आणि स्वयंपाक घरी आपोआप होईल, असे जाहिराती सांगत. बायकांचा भार त्याने हलका झाला, हे खरे आणि मोलाचे आहे. तरीही उलटफेर डोळ्यांत भरतो. काम थांबवण्यासाठी जन्मलेले भांडे आणखी काम करता यावे म्हणून विकले गेले. हात सुटला, पण मन काढून घेण्याची अट गळून पडली. ती अट हाच या भांड्याचा धर्म होता.

ती परत आणायला ज्यू असावे लागत नाही. ज्यांच्या घरी स्लो कुकर आहे त्यांनी एखाद्या रात्री उद्याच्या जेवणाचे मटण त्यात लावावे आणि झाकणाला हात लावू नये. पुरते न शिजलेल्या भांड्यावर झाकण परत ठेवणे हे शब्बाथच्या नियमांत शिजवणेच मानले जाते. कुकरबरोबर येणारे माहितीपत्रकही झाकण उघडू नका असेच सांगते, कारण प्रत्येक वेळी उष्णता निसटते आणि शिजायला अर्ध्या तासापर्यंत जास्त वेळ लागतो.