पटावरचे पातक

ऐतिहासिक लढाया पटावर पुन्हा लढून पाहण्याचा जो छंद युरोप-अमेरिकेतील क्लबांतून आज जोपासला जातो, तो जॉर्ज फॉन राइसविट्स या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, फासे आणि पंच यांच्या साह्याने सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध केलेल्या खेळाचाच नागरी वारस होय. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया घरोघर नेल्या, आणि खरे युद्ध किती अडाणीपणाचे असते याची जाणीव या खेळातूनच व्हावी अशी अपेक्षाही व्यक्त केली. त्याला न पडलेला एक प्रश्न मात्र दुसऱ्या महायुद्धाने या छंदापुढे टाकला: ज्या पक्षाचे निशाण दिसताच कित्येकांच्या काळजात अजूनही धस्स होते, त्याची बाजू डाव मांडायचा तर कोणीतरी घेतलीच पाहिजे, ती कशी घ्यावी?

जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ८६अ अन्वये नाझी चिन्हांच्या जाहीर वापरास मनाई असून कला, संशोधन, अध्यापन अशा प्रयोजनांपुरती मुभा आहे. साहजिकच छोट्या विमानांच्या प्रतिकृतींसोबत येणाऱ्या डेकलच्या कागदावर शेपटावरचे स्वस्तिक पुष्कळदा गाळलेले असते, किंवा दोन अर्थहीन तुकड्यांत छापलेले असते. हौशी माणसाने ते पाण्यात भिजवावेत, चिमट्याने अलगद उचलावेत आणि कडेला कड भिडवून बसवावेत. कारखानदाराची जबाबदारी तेथे संपते आणि जोडणाऱ्या हाताची सुरू होते. तुकड्यांत नसलेला दोष जोडात कोठून आला?

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसकांनी नित्य मानला, तर नैयायिकांनी तो संकेताधीन ठरविला. चिन्हांपुरता तरी नैयायिकांचा पक्ष बळकट दिसतो. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी कोऱ्या पानावर कुंकवाने जे स्वस्तिक आपण रेखाटतो, त्याच्याशी हिटलरच्या पक्षाचा काडीइतकाही संबंध नाही. आणि फिनलंडच्या हवाईदलाने निळे स्वस्तिक १९१८ मध्येच, म्हणजे त्या पक्षाने ते उचलण्यापूर्वीच, आपल्या विमानांवर रंगविले होते. आकृती निर्दोष आहे, हे खरे. परंतु याच सिद्धान्ताची दुसरी बाजू खेळाडूंना सहसा रुचत नाही: जो संकेत समाजाने रूढ केला, तो एकट्यादुकट्याच्या मर्जीने रद्द होत नाही. ‘माझ्या मनात तसे काही नाही’ ही कैफियत कितीही प्रामाणिक असली, तरी ज्याची माणसे त्या निशाणाखाली मारली गेली त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहणारा अर्थ तिने पुसला जात नाही.

मग चिन्ह खरवडून टाकले की निवाडा झाला काय? पूर्व आघाडीच्या मोठ्या पटांवर कीव हे एक षट्कोनी घर असते आणि ते जिंकणाऱ्याच्या पदरी सहसा गुण पडतात. जर्मन सैन्याने ते शहर १९ सप्टेंबर १९४१ रोजी घेतले. दहाच दिवसांनी, २९ आणि ३० सप्टेंबरला, शहराच्या कडेच्या बाबी यार घळीत त्यांच्याच अहवालानुसार ३३,७७१ ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या खेळात एक पाळी महिन्याची, तेथे हे सारे एका पाळीच्या पोटात उरकते आणि पटावरची एकही सोंगटी हलत नाही. वर एस.एस.च्या तुकड्यांना काळ्या सोंगट्या देण्याची प्रथा कित्येक खेळांत असून, त्या बहुधा बळानेही वरचढ असल्यामुळे खेळाडूचा हात त्यांच्याकडे आधी वळतो. शेपटावरचे स्वस्तिक काढल्याने यातले काहीच बदलत नाही. उलट ते विमान एक देखणे यंत्र होऊन बसते, आणि दप्तरातून आरोपीचे नावच गहाळ व्हावे तसा प्रकार होतो.

म्हणून क्लबाने निर्णय प्रयोजनावर करावा. इतिहासाच्या यथार्थतेला आवश्यक तेवढे चिन्ह पटावर असू द्यावे. खेळाडूच्या टोपीवर, सदऱ्यावर किंवा चहाच्या पेल्यावर ते येता कामा नये, कारण तेथे तो कोणाचे प्रतिनिधित्व करीत नसून स्वतःचे काही जाहीर करीत असतो. मेजाशी आलेल्या कोणी त्या चिन्हाबद्दल फिर्याद केली, तर त्याच्याकडे दुःखाचा पुरावा मागू नये; चिन्ह बिनतक्रार बाजूस ठेवावे, त्यावाचून डाव अडत नाही. मात्र चिन्ह ठेवो वा काढो, डाव मांडणाऱ्याने कीवचे गुण टिपताना पुढच्या दहा दिवसांची हकीकतही सांगावी. ती ऐकून खेळाची गोडी कमी होत असेल, तर होऊ द्यावी. गोडीचा तेवढा भाग हकीकत दडवूनच मिळविलेला होता.