नीलकंठाचे नाव

डमडमच्या मुक्कामात विजयादशमीच्या सकाळी तळ्याकाठच्या विजेच्या तारेवर नीलकंठ दिसला, तेव्हा शेजारच्या वृद्ध बंगाली गृहस्थांनी हात जोडले. कारण दुर्गा सासरी निघाल्याची वर्दी हाच पक्षी कैलासावर शंकराला देतो, अशी तिकडची श्रद्धा, आणि आपल्याकडेही दसऱ्याला त्याचे दर्शन शुभच.

ज्याने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, त्या स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली याला बंगालचे नाव दिले. आज ते शास्त्राच्या दप्तरी ‘कोरॅसिअस बेंगालेन्सिस’ असे आहे. त्यातल्या पहिल्या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला कावळा आहे; वस्तुतः हा कावळ्याच्या कुळातला नव्हे, आणि त्याचा वावर पश्चिमेस थेट इराकपर्यंत. पण आपले तरी नाव यथार्थ कुठे? जवळून पाहावे तर कंठ तांबूस-तपकिरी, त्यावर फिकट रेघा. खरी निळाई पंखांत, तीही उडताना प्रकटणारी.

मग नामाने रूपाचे नेमके काय हाती येते? मला वाटते, नीलकंठ म्हणणाऱ्याला रंगाचा दाखला द्यायचाच नव्हता. त्याला या पक्ष्यात हलाहल पचविणाऱ्याचे स्मरण झाले, आणि स्मरणाला वर्णनाची अचूकता लागत नाही.

तार सोडून तो उडाला, तेव्हा मीही हात जोडले.