तेल कोणाच्या बुधल्यातले?

पणती लावणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही : उजेड फुकट मिळत नाही. तेल डोळ्यांदेखत उतरते, वात काजळते, आणि तेल सरले म्हणजे पणती आपली आपणच विझते. उपभोग आणि त्याची किंमत, दोन्ही एकाच कोनाड्यात नांदतात. आता असा एक दिवा कल्पावा, की ज्याचा उजेड आपल्या घरात पडतो, पण तेल मात्र दुसऱ्याच कोणाच्या बुधल्यातून जाते. एवढ्याने दिवा लावणाऱ्याचे देणे कमी होते काय?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेतला नाही. यंदाही आपण रांगोळीची छायाचित्रे मोबाइलवरून सग्यासोयऱ्यांना धाडू. ती राहतात कोठे, असे विचारले तर उत्तर येते, 'क्लाउडमध्ये'. क्लाउड म्हणजे ढग. आमच्या यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखात या शब्दाला फार वजन आहे. ढग वेळेवर आला नाही, तर चुली थंडावतात. हा नवा ढग मात्र आकाशात नाही. तो ऐरोलीला, महापेला, पनवेलला प्रचंड इमारतींत कोंडलेला आहे. समुद्रातळच्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातील अशा डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या पदरात पडला. आतली यंत्रे रात्रंदिवस जागी असतात. जागी असतात म्हणून तापतात, आणि त्यांना थंड ठेवण्यास पुन्हा वीज, पुष्कळ ठिकाणी पाणीही लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज घेतली, म्हणजे जगाच्या विजेचा दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असा तिचा होरा आहे.

ही वीज येते कोठून? आमच्या जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी तालुका आहे. तेथील काळ्या मातीखाली कोळसा आहे. वर्धा खोऱ्यातल्या या कोळशाच्या पट्ट्यातच चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. तेथून ७५२ किलोमीटरांची उच्च दाबाची वाहिनी १९९९ पासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला वीज नेते. जाळ्यात मिसळलेली कोणती वीज कोणाच्या दारी गेली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. राख कोठे पडते, हे मात्र सांगता येते. ती इकडेच पडते.

कोणी म्हणेल, माझ्या एका छायाचित्राने असा कितीसा कोळसा जळतो? चिमूटभरही नाही. खरे आहे. परंतु खळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने मूठमूठच ज्वारी उचलली, तरी रास उरत नाही. दुसरा म्हणेल, कंपन्या आता सौर वीज घेतात. घेतात, आणि ते चांगलेच. पण सूर्य मावळतो. यंत्रे झोपत नाहीत. तिसऱ्याचे म्हणणे मला अधिक वजनदार वाटते. सातबाऱ्यासाठी शेतकऱ्याला तलाठ्याचा उंबरठा झिजवावा लागे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. या दिव्याचा उजेड खेड्यातही पडतो, तेव्हा तो विझवा, असे मी म्हणणार नाही.

परंतु सगळाच उजेड एका मोलाचा नसतो. सातबाऱ्याची नोंद आणि एकाच रांगोळीची, पुन्हा कोणी न पाहिलेली चाळीस छायाचित्रे यंत्राच्या लेखी सारखीच. माणसाच्या लेखी ती सारखी असू नयेत. पणतीला संयम तिचे तेल शिकवते. या नव्या दिव्याचे तेल आपल्याला दिसतच नाही, म्हणून ते मोजण्याचे काम आपल्यावर येते. प्रत्येक डेटा सेंटरने किती वीज आणि किती पाणी घेतले, ते दरसाल उघड सांगावे. आणि ज्या गावांच्या पिकांवर धूळ नि राख बसते, त्यांचे नाव त्या हिशेबात असावे. सावकार दूर राहतो आणि तगादा लावत नाही, एवढ्याने कर्ज फिटत नाही.